तिसऱ्या कडव्याची चाल

बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६

मनस्वीने बंगळुरूहून ही डायरी पाठवली. "आई, रोज लिहीत जा, मन हलकं होईल," असं फोनवर म्हणाली. मुलीला नाही म्हणता येत नाही. प्रत्येक पानावर वर एक इंग्रजी सुविचार छापलेला आहे. आजचा म्हणे, श्वास घ्या. तो मी घेतच होते. त्यावर कागदाची पट्टी चिकटवली आणि मग लिहायला बसले.

आज भस्म बुधवार, लेंट सुरू झाला. ईस्टरपर्यंत मटण-मासे बंद. माझे यजमान धर्मराज जाऊन आज सात महिने नऊ दिवस झाले. ह्यांच्याशिवायचा हा पहिला लेंट.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते लिहिते. हे गेल्यापासून मी दर रविवारी चर्चच्या गायनमंडळात बसते, गीत लागलं की उभी राहते, पुस्तक धरते, तोंड उघडते आणि आवाज काढत नाही. नुसते ओठ हलवते. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. एकतीस वर्षं पालिकेच्या शाळेत शिकवलं, प्रार्थनेला कोण नुसतं तोंड हलवतंय ते मला शेवटच्या रांगेतलंसुद्धा कळायचं. आमच्या मंडळीत ती नजर कुणाला नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी

उपासनेनंतर रोहिदासने वही काढली. रोहिदास म्हणजे आमचा पेटी वाजवणारा. जासईच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. पेटी ह्यांच्याकडे शिकला आणि आता ह्यांच्या जागी गायनमंडळ सांभाळतो.

गुड फ्रायडेचं वाटप चाललं होतं. दुपारी बारा ते तीन उपासना. प्रभूने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार, त्यांवर सात जणांची सात भाषणं आणि प्रत्येकामागे एक गीत. "बाई, चौथं तुमचंच ना?" रोहिदास वहीत बघतच म्हणाला. देवा, तू मला का टाकलंस, असं विचारलंय तो चौथा उद्गार. त्यावरचं गीत ह्यांनी रचलं, चालही ह्यांनीच लावली आणि पंचवीस वर्षं ते मी एकटीने म्हणत आले.

नाही म्हटलं असतं तर का नाही ते सांगावं लागलं असतं. हो म्हटलं. सहा आठवडे हातात आहेत.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

वाशीला घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाकातून दुर्बीण घातली. "आजी, घसा एकदम क्लीन आहे," म्हणाले. मी म्हटलं, गाता येत नाही. "आ म्हणा." म्हटलं. "ई म्हणा." म्हटलं. "येतोय की आवाज." मी म्हटलं, डॉक्टर, आमच्या गीतांत आ आणि ई सोडून इतरही अक्षरं असतात. गरम पाण्याच्या गुळण्या लिहून दिल्या.

शनिवार, २८ फेब्रुवारी

संध्याकाळी तालीम. आमच्या चर्चमध्ये जागा कमी, त्यामुळे गायनमंडळाचे दोन बाक वेदीच्या डाव्या अंगाला समोरासमोर टाकलेत. एका बाकावर आम्ही जुनी खोडं, समोर तरुण मंडळी. समोरच्या बाकाची पुढारी अबोली. ती उलव्याला राहते, विमानतळावर नोकरी करते, आवाज सुरेख आहे. पण शिक्षण इंग्रजीत. मराठी गीतं मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत लिहून आणते आणि बाकीचे तिच्यावरून उतरवून घेतात. मी तिला म्हटलं, अगं, इंग्रजीत 'ळ' कुठून आणणार तू? ती म्हणाली, "काकू, तो मी तुमच्याकडून घेते." माझ्याकडून कसा घेणार, मी तर गात नाही. पण हे बोलता येईना.

हल्ली तिने मोबाइल आणणंही सोडलंय. आज पूर्ण वेळ माझ्याकडेच बघत होती. मला वाटलं माझ्या पदराला काही लागलंय. घरी येऊन बघितलं, काही नव्हतं.

बुधवार, ४ मार्च

सोसायटीच्या गेटवर येसूबाई टोपली घेऊन बसली होती. दिवाळे गावची कोळीण, वीस वर्षं आमच्याकडे मासे देते. मी न थांबता निघाले तर ओरडली, "काय गो टीचर, मावरा नको?" म्हटलं, ईस्टर होईपर्यंत बंद. "दरवर्साला तुमचा ह्योच धंदा," म्हणाली. मग म्हणाली, "आनी गानं पन उपासाला बंद केलंव का? पयले सकालचा तुमच्या खिडकीतना आवाज यायचा. आता नाय येत."

मी म्हटलं, घसा बसलाय.

"मालक गेला तवा माजा पन बसलेला," येसूबाई म्हणाली. "पन मना वरडायलाच लागतं. नाय वरडली त मावरा कोन घेल?"

मासे विकण्यासाठी ओरडणं आणि देवाचं गाणं यांत फरक आहे, हे तिला समजावून सांगायचं होतं. पण तिचं गिऱ्हाईक आलं.

गुरुवार, १२ मार्च

लेंटमध्ये दर गुरुवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. आज माझ्याकडे होती. सव्वीस माणसं आली. सोसायटीच्या ऑफिसातून खुर्च्या आणल्या. चहा, वेफर्स, केक.

प्रवचनाला बाहेरून एक पाहुणे बोलावले होते. त्यांनी पाऊण तास सांगितलं की ज्या घरात विश्वास पक्का असतो त्या घरात आजार टिकत नाही. सव्वीस माणसं ह्यांच्या फोटोखाली बसून हे ऐकत होती. ह्यांचं डायलिसिस चौदा महिने चाललं. आठवड्यातून तीनदा आम्ही जायचो आणि रिक्षात हे माझ्याकडून स्तोत्रं म्हणवून घ्यायचे. विश्वास पक्का म्हणजे आणखी किती पक्का लागतो, ते पाहुण्यांनी सांगितलं नाही.

चहा देताना त्यांच्या कपात साखरेऐवजी मीठ पडलं. डबे शेजारी शेजारी असतात. पाहुणे सभ्य निघाले, पूर्ण प्यायले. रोहिदासने बघितलं आणि खोकत खोकत गॅलरीत गेला. त्याने तब्येत दाखवायला हवी.

जाताना आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "जयमालाबाई, देवाशी बोलत राहा." मी हो म्हटलं. खरं म्हणजे देवाशी माझं बोलणं बंद आहे. त्याच्या घरी जाते, बसते, येते. नवऱ्याशी अबोला धरला म्हणून सासरचा स्वयंपाक थांबतो का? तसंच आहे हे.

शुक्रवार, १३ मार्च

काल खुर्च्या परत करताना ठरवलं की निदान इथे तरी लिहायचं.

नऊ जुलै, संध्याकाळचे सव्वासहा. हे उशीला टेकून बसले होते. मी पेज भरवत होते. अर्धी वाटी झाली होती. म्हणाले, "जयू, चौथं म्हण ना." मी म्हटलं, "आधी पेज संपवा. मग बघू." त्यांनी संपवली. शहाण्या मुलासारखी सगळी संपवली. मी वाटी धुवायला गेले. तळाशी चिकटली होती म्हणून तारेच्या घासणीने घासली. परत आले तर हे गेलेले होते.

ते गीत तीन मिनिटांचं आहे. वाटीलाही तेवढाच वेळ लागला असेल.

माणसाने एक गीत मागितलं आणि मी त्याला पेज दिली. मनस्वीला सांगितलं नाही, पाळकसाहेबांना सांगितलं नाही. देवाला माहीतच आहे, त्याला काय सांगायचं. त्याने ती तीन मिनिटं द्यायला हवी होती. मी चुकले, हे मला मान्य आहे. पण त्याला घाई कसली होती?

मन हलकं वगैरे झालेलं नाही.

शनिवार, २१ मार्च

तालीम. रोहिदास म्हणाला, चौथं एकदा करून बघू. मी म्हटलं, घसा राखून ठेवते, तू नुसती पेटी वाजव. त्याने तिन्ही कडवी वाजवली. पहिली दोन वरच्या सुरांत आहेत, हाक मारल्यासारखी. तिसरं मात्र एकदम खर्जातून उठतं. हे सगळ्यांना बजावायचे, "इथे ओरडायचं नाही. इथे माणूस दमलेला आहे." रोहिदासने ते अगदी ह्यांच्यासारखं वाजवलं, कुठे धक्का नाही, घाई नाही. मला उठून बाहेर जावं लागलं. बाहेर जाऊन चपला नीट लावल्या.

गुरुवार, २६ मार्च

आजची प्रार्थनासभा रोहिदासकडे. पाळकसाहेब स्वतः बोलले. विषय ढोंगीपणाचा. ओठांनी देवाचा मान करायचा आणि मन दूर ठेवायचं, त्या लोकांविषयी. ते माझ्याकडे बघून बोलत नव्हते, पंख्याकडे बघून बोलत होते. पण लागायचं ते मला लागलं. मन दूर आहे ते आहे, निदान ओठ तरी खरे असावेत.

ठरवलं. येत्या रविवारपासून ओठसुद्धा हलवायचे नाहीत.

रविवार, २९ मार्च. झावळ्यांचा रविवार

तोंड मिटून उभी राहिले. इतका प्रामाणिकपणा बऱ्याच दिवसांत केला नव्हता.

गायनमंडळाने मात्र आज लाज आणली. पहिलं कडवं कसंबसं पार पडलं. दुसऱ्याला समोरच्या बाकावर अबोली एकदम गप्प झाली, मग तिच्या शेजारचे दोघे, मग सगळा बाक. आमच्या बाजूचे म्हातारे पुढे गेले, कुणी दुसऱ्या कडव्यात, कुणी चौथ्यात. रोहिदास एकटा पेटी वाजवत राहिला. लोक हातात झावळ्या घेऊन बघत होते. पाळकसाहेबांनी "आपण प्रार्थना करू या" म्हणून वेळ मारून नेली.

तालमी करायच्या नाहीत आणि ऐनवेळी माझ्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. माझ्या तोंडावर काय लिहिलंय? मी असताना असं कधी झालं नव्हतं. म्हणजे मी होतेच, पण असं कधी झालं नव्हतं.

सोमवार, ३० मार्च

राजीनामा लिहिला. एक पान, चार मुद्दे. एक, गायनमंडळाची शिस्त. दोन, माझा घसा. तीन, चौथं गीत दुसऱ्या कुणाला द्यावं. चार, आभार. चर्चच्या ऑफिसात नेऊन दिला आणि पोच घेतली.

मंगळवार, ३१ मार्च

पाळकसाहेबांचा फोन आला. "अर्ज मिळाला. कमिटीची बैठक ईस्टरनंतर आहे. तोवर अर्ज विचाराधीन." म्हणजे शुक्रवारी मला यावं लागणार. मी म्हटलं, तातडीची बैठक घ्या. म्हणाले, नियमात सात दिवस आधी नोटीस आहे. तो नियम ह्यांनीच घालून घेतला होता.

संध्याकाळी अबोली आली, ड्यूटीवरून थेट, गळ्यात ओळखपत्र तसंच. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"काकू, रविवारी तुम्ही तोंड का बंद ठेवलं?"

मी म्हटलं, कसलं तोंड?

"आम्ही सगळे तुमच्या तोंडाकडे बघून गातो. शब्द, श्वास कुठे घ्यायचा, कधी उचलायचं, सगळं. तुम्ही थांबलात, आमचं बंद पडलं."

मी विचारलं, कधीपासून?

"आधीपासूनच थोडं थोडं. पण काका गेल्यानंतर पूर्णच. तेव्हापासून तुमचा आवाज नसतो ना, मग आणखी नीट बघावं लागतं."

मी खुर्चीत बसले. "आवाज नसतो हे तुम्हाला माहीत आहे?"

"हो काकू."

"किती जणांना?"

ती छताकडे बघायला लागली. म्हणजे सगळ्यांना.

"आणि आठ महिने कुणी एका शब्दाने बोललं नाही?"

"तुम्ही चिडला असता."

"मी चिडत नाही."

"नाही काकू."

मग तीच रडायला लागली, म्हणून मला चहा करावा लागला. डबा दोनदा बघून साखर घातली. ती म्हणाली, शुक्रवारी तुम्ही फक्त उभ्या राहा आणि ओठ हलवा, चौथं आम्ही म्हणतो, पाठ नाही पण बघून म्हणू. मी म्हटलं, ते एकट्याचं गीत आहे. ती म्हणाली, "पण तुम्हाला एकटीला येत नाहीये ना."

पोरगी उद्धट आहे. पण खोटं बोलली नाही.

आठ महिने मला वाटत होतं मी ह्या लोकांना फसवतेय. आणि ही माणसं माझे मुके ओठ वाचून देवाचं गात होती. मला खूप लाज वाटली. आणि बरंही वाटलं, ते का ते अजून कळलेलं नाही.

शुक्रवार, ३ एप्रिल. गुड फ्रायडे

पाच वाजता घरी आले. सविस्तर लिहिते.

चर्च भरलेलं. पांढरे कपडे, पंखे पाचावर तरी घाम. पहिले तीन उद्गार शांतपणे झाले. तिसऱ्याचे वक्ते लांबले, त्यामुळे चौथ्याला दीड वाजला. त्यावर पाळकसाहेब स्वतः बोलले, थोडक्यात बोलले. म्हणाले, ह्या प्रश्नाला वधस्तंभावर उत्तर आलं नाही, आपणही उगाच बनवून देऊ नये. माणूस बरा आहे.

मी उभी राहिले. समोरचा बाक उभा राहिला. रोहिदासने सूर धरला. मी ओठ हलवले आणि आठ जणांच्या तोंडून ह्यांचे शब्द निघाले. पहिलं कडवं नीट झालं. दुसऱ्यात एका ठिकाणी 'ळ'चा 'ल' झाला, तरी ठीक. आपण बोलायचं आणि आवाज पलीकडून यायचा, हे चमत्कारिक वाटतं.

मग तिसरं. आणि रोहिदासने ते वरून उचललं. पहिल्या दोन कडव्यांच्याच चालीवर, वर ठेका धरून, वरातीला निघाल्यासारखं! समोरचा बाक गोंधळला. माझे ओठ एकीकडे, पेटी दुसरीकडे. दोघे पेटीबरोबर गेले. ज्या जागी माणूस दमलेला आहे त्या जागी हे लोक नाचत सुटले होते. हे असते तर पेटीचं झाकणच लावलं असतं.

"थांब," मी म्हटलं. मोठ्याने. गुड फ्रायडेच्या उपासनेत, तीनशे माणसांसमोर.

रोहिदास थांबला.

"खालून येतं ते, रोहिदास. किती वेळा सांगायचं? हे असं."

आणि दाखवायला म्हणून म्हटलं:

उत्तर नाही आले तरीही नाव तुझे मी घेतो,
उंबरठ्याशी बसून तुझिया हाक पुन्हा मी देतो.

नळाला बऱ्याच दिवसांनी पाणी आलं की आधी नुसता फसफसतो, तसा आवाज होता. फक्त पहिली ओळ दाखवणार होते. पण ती दुसरीवर टेकते, मधे सोडली तर पडते. दुसरी म्हटली. मग राहिलेल्या चार कशासाठी सोडायच्या, त्याही म्हटल्या. पेटी वाजत नव्हती. अबोलीचा बाक गात नव्हता. कडवं संपेपर्यंत मी एकटीच होते. पाळकसाहेबांनी पुढचा वक्ता बोलवायला बराच वेळ लावला.

अबोली रडत होती. एवढ्या चुकीला रडण्यासारखं काही नव्हतं. रोहिदासने पेटीवर डोकं टेकलं होतं. त्याला मात्र लाज वाटायलाच हवी होती.

तीननंतर त्याला दारात गाठला. म्हटलं, त्या शनिवारी तर बरोबर वाजवलं होतंस! म्हणाला, "हो बाई." "मग आज काय झालं?" "चुकलो बाई. कसं झालं काय माहीत." आणि हसत होता, डोळे लाल आणि हसत होता. पंचवीस वर्षं वाजवलेली चाल माणूस अशी विसरतो? वय पन्नास नाही अजून. त्याला सांगितलंय, ईस्टर झाला की माझ्याकडे येऊन तिसरं कडवं पक्कं करून जायचं. लगेच हो म्हणाला. पाळकसाहेबांनी अर्जाचं विचारलं. म्हटलं, राहू द्या विचाराधीन, मी गेले तर ह्यांच्या चाली कोण सांभाळणार?

गाताना देव जवळ आला, असं काही झालं नाही. मला राग आला होता, म्हणून तोंड उघडलं. पण त्या ओळी कुणाला उद्देशून आहेत ते तोंडातून निघून गेल्यावर ध्यानात आलं. म्हणजे अबोला सुटला. आधी मी बोलले, हे मला आवडलेलं नाही. पण त्याची वाट बघत बसले असते तर दोघंही तसेच राहिलो असतो.

अहो, चौथं म्हटलं आज. तुम्ही मागितलं होतं तेव्हाच म्हणायला हवं होतं.